नावापुढचा स्टार

मी कॉम्प्युटर शिकले तेव्हा बारामतीत कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जायची पद्धत होती. मशीनला धूळ चालत नाही म्हणे. आम्ही पोरी दाराबाहेर चपला काढायचो, पायपुसण्याला पाय घासायचो आणि देवघरात शिरावं तशा दबकत आत जायचो. सहा महिन्यांचा कोर्स झाला, सर्टिफिकेट हातात पडलं आणि माझं डोकं फिरलं. आपल्याइतकं शहाणं आसपासच्या गावांत कुणी नाही असं मला खरोखर वाटायला लागलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यात या शहाणपणाचा मोठा वाटा आहे.

नोकरी लागली ती एका ट्रस्टच्या रक्तपेढीत. दोन खोल्या, एक बोळ, दोन मोठे फ्रीज आणि बाहेर लाकडी बाक. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या गावांत, शाळांत, कारखान्यांत शिबिरं व्हायची. रक्त देणाऱ्या माणसाचं नाव, गाव, रक्तगट आणि शिबिराची तारीख मी कॉम्प्युटरमध्ये भरायची. दर तीन महिन्यांनी त्या माणसाला पोस्टानं कार्ड जायचं. ‘आपण पुन्हा रक्तदान करण्यास पात्र आहात. अवश्य यावे.’ खाली साहेबांची सही आणि गोल शिक्का. लोकांना त्या कार्डाचं काय कौतुक! कुणी ते टीव्हीच्या वर लावायचं, कुणी काचेत घालून भिंतीला टांगायचं. शिक्क्याचा कागद घरात आला म्हणजे सरकारनंच पाठ थोपटली, असं सगळं.

आतल्या खोलीत तात्या बसायचे. ते रक्त तपासायचे. पंचावन्न-छप्पन्नचं वय, जाड भिंगाचा चष्मा, खिशाशी शाईचे डाग पडलेला पांढरा कोट. साहेबांपासून झाडूवालीपर्यंत सगळे त्यांना तात्याच म्हणायचे. बोलणं मोजकं. मी डबा खायला उठले की ते माझ्या खुर्चीत येऊन बसायचे आणि एका बोटानं काहीतरी टकटक करायचे. मी विचारलं, ‘‘काय पाहिजे तात्या? मी देते ना काढून.’’ तर म्हणायचे, ‘‘काय न्हाय गं, जेव तू.’’ कार्डांचा गठ्ठा पोस्टात जायच्या आधी तो त्यांच्या टेबलावर जायचा. ते एकेक कार्ड चाळायचे, मधूनच एखादं बाजूला काढायचे आणि फाडून टाकायचे. मला राग यायचा. म्हाताऱ्याला माझ्या कामाचा भरवसा नाही, असंच मी धरून चालले होते.

त्या काळी कॉम्प्युटरमधलं मराठी म्हणजे एक दुखणंच होतं. पडद्यावर नीट दिसलेलं नाव कागदावर नीट उमटेलच याची खात्री नसायची. स्टार, तिरकी रेघ, कंस, प्रश्नचिन्ह असलं एखादं चिन्ह नावात घुसलं असेल, तर प्रिंटर त्याच्या जागी भलताच अर्धामुर्धा मराठी तुकडा छापायचा. माझ्या आधीच्या ऑपरेटरनं अशी चिन्हं मुठीमुठीनं पेरून ठेवली होती. कुठं दोन नावांच्या मध्ये रेघ, कुठं गावापुढं कंस. आणि काही नावांच्या अगदी पुढं स्टार. मला तो सगळा एकच कचरा वाटायचा.

मग तात्या रजेवर गेले. पुण्याला मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. पंधरा दिवस म्हणून गेले, पण डोळा चिघळला आणि महिना-दीड महिना झाला तरी आले नाहीत. रक्त तपासायला पुण्याचा बदली माणूस आला. तो त्याचं काम करायचा आणि दुपारच्या गाडीनं निघून जायचा.

त्याच दिवसांत एका शिबिराच्या प्रमुख पाहुण्यांना आमचं कार्ड गेलं आणि त्यांच्या नावाच्या मध्यात कसलातरी काना आणि अर्धा ण उमटला. पाहुण्यांनी कार्ड साहेबांच्या टेबलावर आणून आपटलं. साहेबांनी ते माझ्या टेबलावर आपटलं. ‘‘एवढी शिकलीस ना? मग साधं नाव छापता येत नाही?’’ सगळ्यांच्या देखत. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हटलं, थांबा, दाखवतेच आता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाईट होती तेवढ्यात मी बसले. काम अवघड नव्हतंच. एक ओळ लिहायची: नावाच्या खान्यात जिथं जिथं हे चिन्ह असेल, तिथं त्याच्या जागी काहीच नको. मग पुढचं चिन्ह. कंस गेले. रेघा गेल्या. प्रश्नचिन्हं गेली. शेवटी स्टार. पडद्याच्या खाली आकडा भरभर पळाला आणि थांबला. हजारो नावं, आणि सगळी धुतल्यासारखी. मग शिस्तीची पोरगी म्हणून मी ती नवी यादी जुन्या फ्लॉपीवर चढवली. जुनी यादी त्यातच पुसली गेली. त्या महिन्याची कार्डं अशी देखणी निघाली की साहेब स्वतः येऊन ‘‘हं, आता कसं’’ म्हणून गेले. तात्या नव्हते, त्यामुळं गठ्ठा कुणी चाळला नाही. सगळाच्या सगळा पोस्टात गेला.

पंधरवड्यानं एक माणूस आला. सव्वीस-सत्तावीसचा असेल. उंच, केस नीट विंचरलेले, शर्टाच्या खिशात आमचं कार्ड. लासुर्ण्याचा होता आणि लोणी देवकरला एमआयडीसीत कामाला होता. तिथल्याच शिबिरात त्यानं वर्षापूर्वी रक्त दिलं होतं. तात्या आहेत का म्हणाला. मी नाहीत म्हटलं. तो घुटमळला, बाकावर बसला, परत उठला.

‘‘मॅडम, एक इचारू का? मागं तात्या म्हणलं हुतं, तू परत रक्त देऊ नगं. आता हे तुमचं कार्ड आलंय. पात्र हाय म्हणून लिवलंय. म्हंजी आता काय अडचण न्हाय ना?’’

‘‘कशाची अडचण?’’

त्यानं खाली बघून खिशातलं कार्ड चाचपलं. मी नाव विचारलं, पडद्यावर काढलं. नाव, गाव, गट. लख्ख. मी तो पडदा त्याच्याकडं वळवला सुद्धा. ‘‘हे बघा. तुमच्या नावापुढं काही नाही. असतं तर कार्ड गेलंच नसतं. बिनधास्त या.’’ असतं तर कार्ड गेलंच नसतं! हे मी कुठल्या अधिकारानं बोलले, देव जाणे. मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. पण ‘मला माहीत नाही’ म्हणायची मला तेव्हा लाज वाटायची.

तो माणूस दोन मिनिटं त्या पडद्याकडं बघत राहिला. मग त्याचे डोळे भरून आले. मला वाटलं, काय बाई हळवा माणूस, रक्त देण्याची एवढी आवड! हात जोडून गेला.

तीन आठवड्यांनी परत आला तो पेढ्यांचा पुडा आणि लग्नाची पत्रिका घेऊन. मुलगी पिंपळीची होती. बारामतीपासून हाकेच्या अंतरावर. ‘‘तुमच्यामुळं झालं बघा मॅडम. वरीस झालं घरचे मागं लागल्याले. मी टाळत हुतो. पोरीकडच्यांनी बी इचारलं, पोरगा इतके दिवस लग्नाला न्हाय का म्हणतुया, काय दुखणंबिखणं हाय का. मी तुमचं कार्डच पुढं ठिवलं.’’ मी पेढा तोंडात टाकला आणि ‘‘वा, छान’’ म्हटलं.

त्याच आठवड्यात तात्या कामावर आले. डोळ्यावर काळा चष्मा. मी मोठ्या तोऱ्यात त्यांना पेढा दिला आणि पत्रिका पुढं केली. ‘‘घ्या तात्या, आपल्या कार्डावर लग्न जमलं एकाचं.’’

त्यांनी पत्रिका नाकाशी नेऊन वाचली. एकदा वाचली, परत वाचली. पेढा तसाच टेबलावर ठेवला.

‘‘ह्याला कार्ड कुणी धाडलं?’’

‘‘सगळ्यांना गेली तशी त्यालाही गेलं.’’

‘‘त्याच्या नावापुढं स्टार हुता. म्या घातला हुता. कुठं गेला?’’

मी सांगितलं. सांगताना सुरुवातीला आवाजात फुशारकी होती, शेवटापर्यंत ती उरली नाही.  तात्यांनी दार लोटून घेतलं, आणि खिडकीकडं तोंड करून, माझ्याकडं न बघता, बोलले. ज्याच्या रक्तात नवऱ्याकडून बायकोला लागणारा, तेव्हा औषध नसलेला तो आजार निघतो त्याच्या नावापुढं स्टार. आजाराचं नाव कागदावर कुठंच लिहायचं नाही, कारण इथं गावागावाची माणसं कामाला, कागद फुटायला वेळ लागत नाही. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी नावं. त्यांना कार्ड जाऊ द्यायचं नाही. तेव्हा तशा माणसाला तोंडावर सांगायचीही रीत नव्हती. नुसती पिशवी नष्ट करायची. पण या पोराला तात्यांनी एका बाजूला घेऊन सांगितलं होतं की तुझ्या रक्तात दोष दिसतोय, पुण्याला मोठ्या दवाखान्यात जाऊन परत तपासून घे, आणि तोवर लग्नाचं काढू नकोस. तो भ्याला आणि पुण्याला गेलाच नाही. आमच्या कार्डावर मात्र त्यानं भरवसा ठेवला.

मी किंचाळलेच. ‘‘मग मला का नाही सांगितलंत? मी रोज त्या यादीत बसते! एक शब्द सांगितला असता!’’

तात्या तेव्हाही खिडकीकडंच बघत होते. ‘‘तू बिनलग्नाची पोर. माझ्या पोरीच्या वयाची. तुझ्यापुढं म्या त्या रोगाचं कसं बोलायचं? जीभच वळली न्हाय बघ.’’

एवढंच कारण. मी आजही कधीतरी या वाक्यावर चिडते आणि मग गप्प बसते. कारण माझ्या वडलांनीही माझ्यापुढं तो शब्द काढला नसता. आमच्याकडं कुणीच काढला नसता. आणि मी तरी कुठं विचारलं होतं, की तात्या, हे स्टार कसले? विचारलं असतं तर मला येत नाही असं झालं असतं ना.

लग्नाला पाच दिवस होते. साहेबांना सांगितलं. ते एकदम नियमांवर आले. मुलीकडच्यांना कळवायचं नाही. दात्याचं गुपित फोडलं तर पेढी बंद पडेल. मुलालाच गाठा आणि त्यालाच काय ते समजवा. ‘‘आणि तू,’’ मला म्हणाले, ‘‘तू यात तोंड उघडायचं नाहीस.’’

दुसऱ्या दिवशी मी आणि तात्या एसटीनं इंदापूरच्या बाजूला गेलो. लोणी देवकरला कारखान्याच्या फाटकाबाहेर उन्हात उभे राहिलो. शिफ्ट सुटली, पोरं सायकली घेऊन बाहेर पडली, त्यात तो दिसला. आम्हाला बघून हसत आला. ‘‘तात्या, डोळा बरा झाला का? लग्नाला यायचं बरं का.’’

तात्यांनी त्याला लिंबाखाली नेलं. मी चार पावलांवर होते, सगळं ऐकू येत होतं. त्याचं हसू गेलं. मग तो माझ्याकडं वळला. ‘‘मॅडमनी दाखीवलं की मला. कॉम्प्युटरवर दाखीवलं. नावापुढं काय न्हाय म्हणल्या.’’

‘‘माझी चूक झाली,’’ मी म्हटलं. ‘‘मी ते पुसलं होतं.’’

त्यानं शिवी द्यायला पाहिजे होती. दिली नाही. खाली बसला, दोन्ही हात डोक्यावर घेऊन. तिथूनच म्हणाला, ‘‘पत्रिका वाटल्या तात्या. मांडव पडलाय दारात. आता काय म्हणून मोडू?’’ तात्या म्हणाले, ‘‘काय बी सांग. माझं मन न्हाय म्हण, शिव्या खा, पर त्या पोरीचा जीव वाचीव.’’ तो म्हणाला, ‘‘व्हय. सांगतो. आजच घरी जाऊन सांगतो.’’ त्यानं तात्यांच्या पायाला हात लावून सांगितलं. आम्ही विश्वास ठेवला. येताना एसटीत तात्या दोनदा म्हणाले, ‘‘मोडंल तो. पोरगं चांगलं हाय.’’ मीही मान हलवली.

हळदीच्या दिवशी सकाळी मला राहवेना. लग्न मोडलं असेल तर मांडव उतरलेला असेल, एवढं बघून यावं म्हणून मी घरात खोटं सांगितलं आणि पिंपळीला गेले. गावात शिरल्या शिरल्या लाऊडस्पीकर ऐकू आला. मांडव होता. आंब्याचे डहाळे होते. अंगणात बायका पाटाभोवती जमल्या होत्या आणि पाटावर ती होती. एकोणीस-वीसची. हळदीनं पिवळी झालेली, नाकाला सुद्धा हळद, आणि मैत्रिणी काहीतरी कुजबुजत होत्या त्यावर ती हसू दाबत होती.

‘‘कुठनं आलात वो? नवऱ्याकडच्या का?’’ एका म्हातारीनं विचारलं.

‘‘नाही. बारामतीहून. दवाखान्यातनं.’’

‘‘दवाखान्यातनं? कोण आजारी हाय?’’

सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मी काय बोलायचं ते वाटेत घोकत आले होते. मुलीच्या आईला बाजूला बोलवायचं. तिला सांगायचं की चार दिवस थांबा, मुलाची एक तपासणी राहिलीय. आजाराचं नाव सुद्धा घ्यायचं कारण नव्हतं. एवढंच. एवढं एक वाक्य. पण माझी जीभ टाळ्याला चिकटली. हळदीच्या घरात, सवाष्णींच्या घोळक्यात, बिनलग्नाच्या पोरीनं उभं राहून नवऱ्या मुलाच्या रक्ताबद्दल बोलायचं! आणि त्याच्याही खाली आणखी एक होतं, तेच खरं कारण. बोलले की लोक विचारणार, तुला कसं माहीत? आणि मग आधी पात्र म्हणून कार्ड कसं दिलं? मग मी काय केलं ते सगळ्या तालुक्याला कळणार. नोकरी जाणार. साहेबांनी तोंड उघडू नको म्हटलं होतं, ते मला त्या क्षणी फार सोयीचं वाटलं.

‘‘कुणी नाही,’’ मी म्हटलं. ‘‘सहज आले होते.’’

ती मुलगी पाटावरून उठायला लागली. म्हातारी ओरडली, ‘‘ए, तू कुठं उठतीयास?’’ ती म्हणाली, ‘‘आगं त्या उन्हातनं आल्यात. पाणी तरी द्या त्यास्नी.’’ कुणीतरी तांब्या आणला. मी घटाघट पाणी प्यायले. ‘‘जेवून जावा की,’’ ती म्हणाली. मी नको म्हटलं आणि निघाले. लग्न दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी लागलं.

तात्यांना मी पिंपळीचं कधीच सांगितलं नाही. लग्न झाल्याचं कळलं तेव्हा त्यांनी जुन्या वह्या काढल्या, पिशव्यांचे नंबर आणि नावं जुळवत आठ दिवस बसले, आणि सगळी नावं पुन्हा शोधली. मी यादीत स्टारसाठी वेगळा खाना केला. आता तो चुकून पुसला जाणार नव्हता. साहेबांनी ‘उत्तम व्यवस्था’ म्हणून शाबासकी दिली. मी ती घेतली.

दोन-अडीच वर्षं गेली. एका दुपारी खिडकीत एक बाई उभी राहिली. कडेवर वर्षाची मुलगी, हातात दवाखान्याचा कागद. नवऱ्याला रक्त हवं होतं. कागदावरचं नाव मी दोनदा वाचलं. तोच, लासुर्ण्याचा. तेव्हा नियम होता की एक पिशवी न्यायची तर घरच्या कुणीतरी एक पिशवी द्यायची. तिनं मुलीला बाकावर बसवलं, काचेची बांगडी वर सरकवली आणि हात पुढं केला. ‘‘माझं घ्या. दुसरं कोण न्हाय. सासरचं कुणी फिरकत न्हाय आता.’’

तात्यांनी आधी तपासायला म्हणून थोडं रक्त घेतलं. ती बाकावर बसून राहिली. मी खिडकीच्या आत बसले, समोर कॉम्प्युटर उघडा आणि हात मांडीवर. दीड-दोन तासांनी तात्या आतून आले. मला म्हणाले, ‘‘तिच्या नवऱ्याला पिशवी दे. तिचं घेऊ नगं.’’ आणि परत आत गेले. त्यांनी दार लावून घेतलं. मला काही विचारायची गरज नव्हती.

मी बाहेर जाऊन तिच्या शेजारी बसले. म्हटलं, तुमचं रक्त आज घेता येणार नाही.  मला वाटलं, का म्हणून विचारेल. तिनं ते विचारलं नाही. दोन वर्षं नवऱ्याचं दुखणं काढलेल्या बाईला ते कळलं असावं. तिनं मुलीला मांडीवर ओढून घेतलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली आणि मग म्हणाली, ‘‘तुमी आल्ता ना आमच्यात? हळदीच्या दिवशी? पाणी पिऊन गेलात.’’

मी हो म्हटलं.

‘‘मला तवाच वाटलं हुतं, ह्या बाईला काय तरी सांगायचंय. काय सांगायला आल्ता?’’

मला खोटं बोलता आलं असतं. सहज आले होते, हे वाक्य तोंडात तयार होतं. पण या खेपेला मी खरं बोलले. म्हटलं, ‘‘हेच. हेच सांगायला आले होते.’’

ती ओरडली नाही, रडली नाही. तिनं मुलीचं झबलं सारखं केलं. मग अगदी साध्या आवाजात, मीठ घालायला विसरलेल्या बाईला म्हणावं तशी म्हणाली, ‘‘मग सांगायचं की वो.’’